अपघातांत मोडलेली जुनी जीपगाडी : दुरुस्त करावी कीं मोडींत काढावी?

लोहा तालुक्यांतील एका सभासदांनीं गेल्या महिन्यांत आम्हांस एक प्रश्न विचारला. प्रश्न पिकाचा नाहीं, जनावराचा नाहीं, तर मोटारीचा आहे. त्यांची बोलेरो मोटार अकरा वर्षांची असून ती त्यांनीं चार वर्षांपूर्वीं दुसऱ्या हातानें घेतलेली आहे. माळेगांवाहून लोह्यास परत येत असतां रात्रीच्या वेळीं रस्त्यावर रोही आडवा आला. मोटार त्यास धडकून कडेच्या बाभळीवर गेली. सुदैवानें आंतील चौघांपैकीं कोणासहि मोठी इजा झाली नाहीं. मोटारीचा पुढील भाग मात्र चुरला. नांदेडच्या एका कारागिरानें दुरुस्तीस एक लक्ष पंचावन्न हजार रुपये सांगितले. जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यानें आहे त्या स्थितींत पंचाण्णव हजार देऊं केले. मेव्हण्यांचें म्हणणें असें कीं, भाग सुटे करून विकले तर ह्याहून अधिक पैसा हातीं येईल. विमा केवळ थर्ड पार्टीचा असल्यामुळें तिकडून कांहीं मिळावयाचें नाहीं. सोयाबीनची काढणी तोंडावर आली आहे, आणि घरांत वृद्ध आई आहे, जिला महिन्यांतून दोन वेळां नांदेडास दवाखान्यांत न्यावें लागतें. अशा स्थितींत काय करावें, असें ते विचारतात.

शेतकीच्या मासिकांत मोटारीची चर्चा कशास, असें कोणी म्हणेल. परंतु नांदेडहून लोहा, अहमदपूर व चाकूर ह्या मार्गें लातुरास जाणारा हमरस्ता ज्यांच्या शिवारावरून जातो त्यांस हें सांगावयास नको कीं, जीपवजा मोटार ही आतां बैलजोडीप्रमाणेंच घरच्या उपयोगाची वस्तु झाली आहे. विलिस कंपनीची जीप मुंबईस जोडण्याचें काम १९४७ च्या सुमारास सुरू झालें. पुढें १९९४ सालीं सुमो, २००० सालीं बोलेरो व २००२ सालीं स्कॉर्पिओ बाजारांत आली. ह्या गाड्या शहरांत वापरून झाल्या कीं दुसऱ्या व तिसऱ्या हातीं खेड्यांत येतात. बियाणें, खत, मजूर, आजारी माणूस व लग्नाचें वऱ्हाड हें सर्व त्यांतूनच जातें. अशी गाडी मोडली असतां घेतलेला चुकीचा निर्णय एका हंगामाचें उत्पन्न खाऊं शकतो. आणि निर्णय सांगाड्याविषयीं चुकला तर घरच्या माणसांचा जीवहि धोक्यांत येतो. म्हणून ह्या प्रश्नाचें उत्तर सर्वांसमोर देणें आम्हांस योग्य वाटलें.

परीक्षेचा क्रम

माळेगांवच्या खंडोबाच्या यात्रेंत घोडा घेणारा जाणता मनुष्य पहिल्यानें दांत पाहतो, मग खूर पाहतो, मग चालवून पाहतो, आणि किंमत शेवटीं काढतो. तोच मनुष्य मोटारीच्या बाबतींत मात्र पहिल्यानेंच 'किती पैसे लागतील?' असें विचारतो. येथेंच चूक होते. मोडलेल्या गाडीची परीक्षाहि क्रमानेंच केली पाहिजे. आधीं सांगाडा पाहावा. मग इंजिन व विजेच्या तारा पाहाव्या. मग पैशांचा हिशेब करावा. आणि शेवटीं कागदपत्रें पाहावीं. पहिल्या परीक्षेंत गाडी नापास झाली तर पुढील हिशेब दुरुस्तीचा राहत नाहीं. तो केवळ मोडीचा राहतो.

सांगाडा

जीपवजा मोटारींचे दोन वर्ग आहेत. पहिल्या वर्गांत खालीं शिडीच्या आकाराची पोलादी चासी असते व तिच्यावर रबरी उशा ठेवून बॉडी बोल्टांनीं बसविलेली असते. बोलेरो, स्कॉर्पिओ, सुमो, थार, क्वालिस व जुनी सफारी ह्या गाड्या ह्या वर्गांतील होत. दुसऱ्या वर्गांत निराळी चासी नसतेच. तळ, खांब व छत मिळून एकच पेटी असते आणि तीच सर्व भार सोसते. डस्टर, क्रेटा, ब्रेझा, एक्सयूव्ही ५०० व २०२१ सालापासूनची नवी सफारी ह्या दुसऱ्या वर्गांत येतात.

हा भेद ध्यानांत ठेवणें अवश्य आहे. पहिल्या वर्गांतील गाडीचा पत्रा कितीहि चुरलेला असला तरी खालची चासी शाबूत असूं शकते, व मग पत्रा बदलून गाडी पूर्वींसारखी होते. उलट बाहेरून चकचकीत दिसणाऱ्या गाडीची चासी वांकलेली असूं शकते. दुसऱ्या वर्गांतील गाडीचा पुढील भाग धक्का बसतांच स्वतः चुरून धक्क्याचें बळ शोषून घेईल अशा बेतानेंच घडविलेला असतो. एकदां चुरलेला तो भाग ओढून सरळ केला तरी पुढच्या धक्क्यास तो पूर्वींप्रमाणें वागेल अशी खात्री राहत नाहीं. शिवाय ह्या पेट्यांतील कांहीं खांब विशिष्ट रीतीनें उष्णता देऊन कणखर केलेल्या पोलादाचे असतात. गॅसच्या ज्योतीवर तापवून ते ठोकले कीं त्यांचा कस जातो. म्हणून दुसऱ्या वर्गांतील गाडीचे खांब किंवा तळ दुमडला असेल तर ती दुरुस्त करण्याच्या भरीस पडूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे.

चासीची तपासणी कारागिराच्या शब्दावर न सोडतां मालकानें स्वतः उभें राहून करवावी. रीत सोपी आहे. गाडी सिमेंटच्या सपाट जमिनीवर उभी करावी व चारी टायरांत सारखी हवा भरावी. चासीच्या डाव्या व उजव्या अंगास कारखान्यानेंच पाडलेलीं जोडीचीं छिद्रें किंवा बोल्ट असतात. पुढील बाजूची एक जोडी व मागील पाट्यांच्या बोल्टांची एक जोडी निवडावी. प्रत्येक ठिकाणाहून ओळंबा सोडून जमिनीवर खडूनें खूण करावी. मग गाडी ढकलून बाजूस करावी व चारी खुणांमधील अंतरें टेपानें मोजावीं. समोरासमोरील बाजू सारख्या भरल्या पाहिजेत व दोन्ही कर्णहि सारखे भरले पाहिजेत. घराचा पाया गुण्यांत आहे कीं नाहीं हें गवंडी ज्या रीतीनें पाहतो तीच ही रीत होय. कर्णांत बोटभर फरक आढळला तर चासी तिरपी झाली आहे असें समजावें.

मोजमापाशिवाय डोळ्यांनींहि पुष्कळ कळतें. चासीच्या पट्टीवर कोठें सुरकुती पडली आहे काय, रंग टवका होऊन उडाला आहे काय, जोडावर चीर गेली आहे काय, हें बॅटरीच्या उजेडांत पाहावें. दारें उघडून सोडावीं. एखादें दार खालीं उतरत असेल किंवा त्याची फट वर रुंद व खालीं अरुंद दिसत असेल तर तिचें कारण शोधावें. गाडी चालण्याजोगी असेल तर चाकें ओलीं करून कोरड्या रस्त्यावरून सरळ न्यावी. मागील चाकांचे ठसे पुढील ठशांच्या दोन्ही अंगांस सारख्या अंतरावर पडले पाहिजेत. एका अंगास ते अधिक सरकले असतील तर गाडी खेकड्यासारखी तिरपी चालते असें निश्चित धरावें.

शिडीच्या चासीचें किंचित् वांकणें यंत्रावर ओढून काढतां येतें. परंतु चीर गेलेली, पूर्वीं कापून जोडलेली किंवा गंजानें खाल्लेली चासी असेल तर वेल्डिंगच्या भरंवशावर घरचीं माणसें तींत बसवूं नयेत. असा जोड गांवांतल्या गांवांत टिकतो. भरल्या गाडीनिशीं हमरस्त्यावर जोराचा ब्रेक लागला म्हणजे त्याची परीक्षा होते.

इंजिन, पाणी व तारा

समोरून धडक बसलेल्या गाडींत पहिल्यानें रेडिएटर फुटतो. पूर्ण वाढलेल्या रोह्याचें वजन दोनशे किलोच्या पुढें जाऊं शकतें. तेव्हां ही गोष्ट नेहमींचीच आहे. ह्या वेळीं पुष्कळ जण 'इंजिन चालू आहे' म्हणून गाडी तशीच घरापर्यंत आणतात. पाण्यावांचून चाललेलें इंजिन थोड्याच अंतरांत तापून हेड वांकतें, आणि ज्या इंजिनाच्या किंमतीवर सर्व हिशेब उभा असतो तेंच निकामी होतें. धडक बसल्यावर पाणी किंवा तेल गळत असेल तर इंजिन बंद करून गाडी ओढून नेणें हाच शहाणपणा होय.

पुरांत बुडालेल्या गाडीचा प्रकार निराळा आहे. ऑगस्ट २०२५ मध्यें मुखेड तालुक्यांत लेंडी धरणाच्या परिसरांतील हसनाळ वगैरे गांवांत पाणी शिरलें तेव्हांची स्थिति आपल्या जिल्ह्यास आठवत असेल. बुडालेली गाडी चालू करून पाहण्याचा मोह कटाक्षानें टाळावा. हवा दाबली जाते, पाणी दाबलें जात नाहीं. सिलिंडरांत पाणी असतां इंजिन फिरविलें कीं कनेक्टिंग रॉड वांकतो. शिवाय तारांच्या जोडांत शिरलेला गाळ व ओल महिन्या-दोन महिन्यांनीं गंज आणते. १ एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस ४ व १ एप्रिल २०२० पासून बीएस ६ हीं धुराचीं मानें लागू झाल्यापासून गाड्यांतील विजेचीं उपकरणें वाढत गेलीं आहेत. पाणी आसनांच्या वर गेलेलें असेल तर नव्या पद्धतीची गाडी दुरुस्त करण्याऐवजीं मोडींत काढणेंच बहुधा फायद्याचें ठरतें. जुन्या साध्या डिझेल इंजिनाची गाडी मात्र तेल बदलून व सर्व भाग उघडून धुवून पुष्कळदां वांचवितां येते.

एअरबॅगेचाहि विचार केला पाहिजे. १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत चालकासाठीं एअरबॅग सक्तीची झाली आहे. ती एकदां फुगली कीं पुन्हा घडी करून बसवितां येत नाहीं. तिच्याबरोबर नियंत्रक पेटी, सेन्सर व कित्येकदां आसनाचे पट्टेहि बदलावे लागतात. हा खर्च पहिल्या अंदाजांत पुष्कळदां धरलेलाच नसतो. कोणी एअरबॅगेच्या जागीं नुसतें झांकण बसवून देतो म्हटलें तर त्यास साफ नाहीं म्हणावें.

पैशांचा हिशेब

सांगाडा पास झाला असें धरून आतां हिशेबाकडे वळूं. येथें पहिला नियम असा कीं, गाडी घेतांना दिलेली किंमत व आजवर तिच्यावर केलेला खर्च हिशेबांतून काढून टाकावा. पहिल्या पेरणीनंतर पावसानें ओढ दिली व कोंब जळाले, तर दुबार पेरणी करावी कीं नाहीं हें ठरवितांना पहिल्या बियाण्याचा पैसा कोणी मोजीत नाहीं. पुढें किती घालावयाचें व पुढें किती येणार, इतकेंच शहाणा शेतकरी पाहतो. मोटारीसहि तोच न्याय लागू आहे.

दुसरा नियम असा कीं, कारागिराचा पहिला अंदाज पुरता धरूं नये. पत्रा उघडल्यावर आंतील मोड दिसूं लागते. म्हणून अंदाजावर निदान चौथाई रक्कम अधिक धरावी. तिसरा नियम असा कीं, अपघात झालेली गाडी कितीहि सुरेख दुरुस्त केली तरी जाणता गिऱ्हाईक तिला पुरा भाव देत नाहीं.

आमच्या सभासदांच्या गाडीचा हिशेब ह्या नियमांनीं मांडूं. त्यांनीं कळविलेले आंकडे तेवढे त्यांचे. बाकीचे आम्हीं रीत समजावी म्हणून अजमासानें धरले आहेत. वाचकांनीं आपापल्या बाजारांतील भाव घालावे.

तशीच धड गाडी बाजारांत ३,४०,००० रुपयांस मिळते असें धरूं. अपघाताची म्हणून दुरुस्तीनंतर हिला २,९०,००० येतील. दुरुस्तीस १,५५,००० व आंतील मोडीसाठीं ३९,००० मिळून १,९४,००० लागतील. म्हणजे दुरुस्त करून विकली तर हातीं ९६,००० राहतात. आहे तशी विकली तर ९५,००० येतातच. एक हजार रुपयांसाठीं दोन महिने कारागिराच्या दारीं खेपा घालण्यांत अर्थ नाहीं.

आतां सुट्या भागांचें पाहूं. इंजिन ४५,०००, गिअरबॉक्स २०,०००, अ‍ॅक्सल व डिफरन्शियल १८,०००, चाकें व टायर १२,०००, दारें, कांचा व आसनें २०,०००, बॅटरी, डायनॅमो व स्टार्टर १०,००० आणि उरलेल्या सांगाड्याचें भंगार १५,०००, अशी बेरीज १,४०,००० होते. मेव्हण्यांच्या मनांत हाच आंकडा असावा. परंतु त्यांतून उतरविण्याची मजुरी व वाहतूक १५,००० आणि न खपतां गोठ्यांत पडून राहणाऱ्या मालाचे १०,००० वजा केले पाहिजेत. मग १,१५,००० उरतात, आणि ते एकदम न येतां सहा महिन्यांत तुकड्या-तुकड्यानें येतात. आहे तशी विकण्यापेक्षां हे वीस हजारांनीं अधिक आहेत. परंतु ती सहा महिन्यांच्या उस्तवारीची मजुरी समजावी.

ह्या सर्वांहून निराळा चौथा मार्ग आहे, तो म्हणजे गाडी दुरुस्त करून स्वतःच वापरणें. दुरुस्तीस १,९४,००० लागतील व सुट्या भागांचे १,१५,००० सोडावे लागतील; म्हणजे ही गाडी मालकास ३,०९,००० रुपयांस पडली. तशीच दुसरी जुनी गाडी घ्यावयाची तर ३,४०,००० व नांव चढविणें वगैरेचे १०,००० मिळून ३,५०,००० लागतील. म्हणजे दुरुस्तींत ४१,००० वांचतात. शिवाय दुसऱ्याच्या गाडीच्या पोटांत काय दडलें आहे तें ठाऊक नसतें. आपल्या इंजिनाचें पाणी आपण चार वर्षें जोखलेलें असतें. पुढें केव्हां तरी विकतांना अपघाताच्या गाडीस थोडा भाव कमी येईल हें खरें. परंतु जितकीं अधिक वर्षें वापरावी तितका तो तोटा कमी होत जातो.

येथें ह्या प्रश्नाचें मर्म आहे. एकाच मोडलेल्या गाडीचें उत्तर विकणाऱ्यास एक व वापरणाऱ्यास दुसरें असतें. विकावयाचीच असेल तर दुरुस्त करूं नये; वापरावयाची असेल व सांगाडा शाबूत असेल तर दुरुस्ती परवडते. मात्र थांबण्याची रेषा आधींच आंखून ठेवावी. वरील उदाहरणांत ३,५०,००० मधून १,१५,००० वजा जातां २,३५,००० राहतात. पत्रा उघडल्यावर नवा अंदाज ह्या रकमेपुढें गेला तर काम तेथेंच थांबवावें. त्यासाठीं कारागिराशीं दोन टप्प्यांचा करार करावा : पहिल्या टप्प्यांत केवळ उघडून पाहणें व लेखी अंदाज देणें, दुसऱ्यांत काम. पैसे कामाप्रमाणें हप्त्यानें द्यावे व काढलेले जुने भाग परत मागून घ्यावे. बंपर, बॉनेट, दार हे भाग जुन्या बाजारांतून घेण्यास हरकत नाहीं. ब्रेक, स्टिअरिंग व चाकांचा आधार ह्यांचे भाग मात्र नवे व खात्रीचेच घालावे.

विमा असेल तर

ज्यांचा विमा पुरा आहे त्यांचा हिशेब बदलतो. पॉलिसींत गाडीची जाहीर किंमत लिहिलेली असते. गाडी ओढून आणणें व दुरुस्त करणें ह्यांचा खर्च त्या किंमतीच्या ७५ टक्क्यांपुढें गेला तर गाडी संपूर्ण नुकसानींत धरली जाते. त्याहून कमी असेल तर दुरुस्तीचे पैसे मिळतात, परंतु घसारा कापून. रबर, नायलॉन व प्लॅस्टिकचे भाग, टायर व बॅटरी ह्यांवर ५० टक्के. कांचेवर कांहीं नाहीं. धातूच्या भागांवर गाडीच्या वयाप्रमाणें, म्हणजे पांच ते दहा वर्षांस ४० टक्के व दहा वर्षांपुढें ५० टक्के, असें हें कोष्टक पॉलिसींतच छापलेलें असतें. म्हणून जुन्या गाडीच्या भागांच्या बिलाचा सुमारें अर्धा भार मालकावरच पडतो हें आधींच जाणावें. विमा कंपनीच्या तपासनिसानें पाहण्यापूर्वीं एक बोल्टहि उघडूं देऊं नये. गाडीवर बँकेचा बोजा असेल तर तिच्या संमतीवांचून विक्री किंवा मोड करूं नये.

भाग सुटे करतांना

भाग विकून येणाऱ्या पैशाचा मोठा वांटा इंजिन, गिअरबॉक्स व अ‍ॅक्सल ह्या दोन-तीन वस्तूंतच असतो, हें वरील आंकड्यांवरून दिसेल. ह्यांस गिऱ्हाईक आधीं ठरवून मगच गाडी खोलावी. खोललेल्या गाडीस व्यापारी निम्मा भावहि देत नाहीं. जुन्या मोटारींचे अ‍ॅक्सल व टायर लावून बैलगाड्या करण्याची रीत आपल्याकडे आहे व ती उपयुक्तहि आहे. आसनाचे पट्टे, एअरबॅगा, ब्रेकच्या नळ्या व धडकेंत सांपडलेले स्टिअरिंगचे भाग मात्र कोणासहि विकूं नयेत. आपल्या दहा रुपयांच्या लोभानें दुसऱ्याचें घर बसतें.

इंजिनाचा क्रमांक नोंदणी पुस्तकांत लिहिलेला असतो. म्हणून इंजिन विकतांना घेणाऱ्याचें नांव, पत्ता व सही असलेली पावती ठेवावी. घेणाऱ्यानेंहि आपल्या गाडींत तें बसविल्यावर परिवहन कार्यालयांत नोंद करवावी. चासीचा क्रमांक असलेला तुकडा कोणासहि देऊं नये. त्याच्या आधारें चोरीची गाडी आपल्या क्रमांकानें फिरूं शकते.

कागदपत्रें

कायद्याची बाजू पुष्कळ जण विसरतात, आणि खरा धोका तेथेंच असतो. गाडी नष्ट झाली किंवा कायमची निकामी झाली तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५५ व्या कलमाप्रमाणें मालकानें चौदा दिवसांच्या आंत परिवहन कार्यालयास कळवून नोंदणी पुस्तक परत केलें पाहिजे. लोह्याच्या सभासदांस हें काम नांदेडच्या कार्यालयांत करावें लागेल. आहे तशी गाडी विकली तर २९ व ३० क्रमांकाचे नमुने भरून नांव बदलून घ्यावें. सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं एका निकालांत असें ठरविलें आहे कीं, गाडी हातोहातीं कितीहि फिरली तरी नोंदणी ज्याच्या नांवें असेल तोच अपघाताच्या नुकसानभरपाईपुरता मालक होय. व्यापाऱ्यास कोऱ्या कागदावर सही करून दिलेली गाडी त्यानें दुरुस्त करून विम्यावांचून रस्त्यावर आणली व तिनें कोणाचा जीव घेतला, तर दावा आपल्या सातबाऱ्यापर्यंत येऊं शकतो. पंचाण्णव हजारांच्या विक्रीसाठीं एवढी जोखीम कोणीहि घेऊं नये.

गाडी पुरी मोडींत काढावयाची तर सप्टेंबर २०२१ मध्यें निघालेल्या नियमांप्रमाणें नोंदणीकृत भंगार केंद्रें स्थापन होत आहेत. १ एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या पर्यावरणविषयक नियमांनीं आयुष्य संपलेली मोटार १८० दिवसांच्या आंत अशा केंद्राकडे पोंचविण्याची जबाबदारी मालकावर टाकली आहे. शेतीचे ट्रॅक्टर, ट्रेलर, मळणीसह कापणी यंत्रें व पॉवर टिलर त्यांतून वगळलेले आहेत. मार्च २०२१ मध्यें हें धोरण लोकसभेंत मांडलें तेव्हां भंगाराची किंमत नव्या गाडीच्या शोरूम किंमतीच्या ४ ते ६ टक्के सांगितली होती. ही रक्कम लहान आहे; परंतु केंद्राकडून ठेवीचें प्रमाणपत्र मिळतें व त्यावर नवी खासगी मोटार घेतांना करांत २५ टक्क्यांपर्यंत सूट देण्याची तरतूद आहे. ज्यांस लवकरच नवी गाडी घ्यावयाची आहे त्यांनीं ही सूट आपल्या हिशेबांत धरावी.

आणखी एक गोष्ट वयाची. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढें तपासणी होऊन पांच पांच वर्षांनीं वाढते. पंधरा वर्षांवरील मोटारीच्या फेरनोंदणीचें शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झालें, व त्याशिवाय पर्यावरण कर द्यावा लागतो. तेव्हां चौदा वर्षांच्या गाडीवर मोठा खर्च करण्यापूर्वीं हा विचार अवश्य करावा.

सभासदांस आमचें उत्तर

आमच्या सभासदांची गाडी अकरा वर्षांची आहे. नोंदणीचीं चार वर्षें बाकी आहेत. त्यांनीं आधीं ओळंबा व टेप घेऊन चासी मोजवावी. कर्ण सारखे भरले व पट्टीवर चीर नसली, तर गाडी दुरुस्त करून स्वतःच वापरावी. मात्र खर्च २,३५,००० पुढें जाऊं देऊं नये. चासी तिरपी किंवा चिरलेली निघाली, तर कारागीर कितीहि हमी देवो, दुरुस्तीचें नांव काढूं नये. काढणीच्या दिवसांत भाग विकण्यास त्यांस सवड होणार नाहीं; म्हणून व्यापाऱ्याचे पंचाण्णव हजार घ्यावे, पण परिवहन कार्यालयांत नांव बदलून मगच किल्ली द्यावी. तोंवर आईंस दवाखान्यांत नेण्यासाठीं महिन्यांतून दोन दिवस भाड्याची गाडी करावी. तो खर्च मोठा नाहीं. घाईनें उभी केलेली तिरपी गाडी रस्त्यावर आणण्यापेक्षां तो फार स्वस्त आहे.

त्यांनीं चासी मोजल्यावर काय आढळलें तें आम्हांस कळवावें. आम्ही तें इतर सभासदांच्या माहितीसाठीं पुढील एखाद्या अंकांत देऊं.